चार घोड्यांची ग्रेड वन शर्यत: साराटोगाच्या फिली-मालिकेचे परीक्षण

२४ जुलै २०२१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील साराटोगाच्या रेसकोर्सवर स्टार्टिंग गेटमध्ये फक्त चार फिली, म्हणजे तरुण घोड्या, उभ्या राहिल्या. शर्यतीला ग्रेड वन हा अमेरिकेतील सर्वोच्च दर्जा होता, बक्षिसाची एकूण रक्कम ५ लाख डॉलर होती आणि नाव होते कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स, जे १९१७ पासून चालत आले आहे. गेटचे बाकीचे कप्पे रिकामे होते. प्रवेशाचे तिकीट, प्रक्षेपण आणि बेटिंग अशा तीन वाटांनी जी गोष्ट लोकांना विकली जाते, तिचे परीक्षण इतर कोणत्याही विकाऊ गोष्टीसारखे व्हायला हरकत नसावी, या विचाराने मी या मालिकेचे गेल्या काही हंगामांतील प्रक्षेपण आणि जुन्या चित्रफिती पुन्हा एकदा नीट पाहिल्या. परीक्षणाचा मुख्य प्रश्न एकच ठेवला आहे: कमी घोड्या धावल्या म्हणून प्रेक्षकाची फसवणूक होते का, आणि होत असेल तर नेमकी कोणत्या ठिकाणी होते.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. उत्तर अमेरिकेत चार वर्षांपर्यंतच्या घोडीला फिली म्हणतात आणि पाचव्या वर्षापासून ती मेअर होते. पण ज्या शर्यतींवर सगळ्यांचा जीव असतो त्या तीन वर्षांच्या फिलींच्या. मे महिन्यात केंटकीतील चर्चिल डाउन्स मैदानावर केंटकी ओक्स होते, जूनमध्ये एकॉर्न, जुलैच्या उत्तरार्धात कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स आणि ऑगस्टमध्ये अलाबामा. यांतील शेवटच्या तीन मिळून न्यू यॉर्कचा ट्रिपल टियारा होतो. या मुकुटाच्या घटक शर्यती वेळोवेळी बदलत गेल्या आहेत. पूर्वी त्यात मदर गूस होती, पुढे तिची जागा अलाबामाने घेतली आणि मदर गूसचा दर्जाही नंतर एका पायरीने खाली आला. कोचिंग क्लब ओक्स २०१० मध्ये न्यू यॉर्कच्याच बेलमॉन्ट मैदानावरून साराटोगाला आली आणि तेव्हापासून नऊ फर्लांगांची आहे. रफियन नावाच्या फिलीने १९७५ मध्ये हीच शर्यत जिंकली तेव्हा अंतर दीड मैल होते, म्हणजे बारा फर्लांग. अंतर तीन फर्लांगांनी उतरले, तरी गेटमध्ये गर्दी काही वाढली नाही, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे. कारण ‘अंतर फार लांब आहे म्हणून घोड्या येत नाहीत’ हे स्पष्टीकरण अजूनही अधूनमधून ऐकू येते.

आता त्या चार घोड्यांच्या शर्यतीकडे वळतो, कारण माझे मत जिने सर्वांत जास्त हलवले ती हीच. मॅलथाट ही केंटकी ओक्सची विजेती होती, तोपर्यंत एकदाही हरलेली नव्हती, टॉड प्लेचर तिचे ट्रेनर होते आणि लहानपणी लिलावात तिला दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली होती. टोटवर, म्हणजे बेटिंगच्या फलकावर, तिचा भाव इतका उतरला होता की जिंकणाऱ्यालाही हातात फारसे काही येणार नव्हते. क्लेरिएर ही दर्जेदार घोडी तिसऱ्या बाजूला होती. माराकुजा मात्र केंटकी ओक्समध्ये मॅलथाटच्या बरीच मागे राहिलेली, आणि तिच्यावर दहापटीहून अधिक भाव मिळत होता. कागदावर पाहिले तर ही शर्यत म्हणजे मॅलथाटचा सराव होता. प्रत्यक्षात सरळ पट्ट्यात मॅलथाट झुंजत राहिली, माराकुजा मागून येत राहिली, आणि शेवटी केवळ डोक्याच्या अंतराने माराकुजा जिंकली. मी ही चित्रफीत किती वेळा पाहिली याचा हिशेब ठेवलेला नाही. निकाल माहीत असूनही शेवटचे फर्लांग पाहताना दर वेळी मॅलथाट वाचेल असेच वाटते.

घोड्या कमी म्हणजे शर्यत नीरस, असे मानणाऱ्याने ही शर्यत पाहावी. पण तिच्यावरून उलटा निष्कर्ष काढण्याची घाईही करू नये, कारण पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, याच शर्यतीत नेस्ट नावाच्या फिलीने केंटकी ओक्सच्या विजेत्या सीक्रेट ओथला सव्वाबारा लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे टाकले. नेस्ट त्याआधी बेलमॉन्ट स्टेक्समध्ये नरांविरुद्ध दुसरी आली होती, तेव्हा तिचा दर्जा वादातीत होता. पण दोन मोठ्या नावांची जी टक्कर प्रेक्षकाला कबूल केली होती ती शेवटच्या वळणावरच संपली होती. उरलेला वेळ कॅमेरा एकाच घोडीवर स्थिर होता. अशा वेळी समालोचकाच्या आवाजातील उत्साह आणि पडद्यावरील दृश्य यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसवण्यासाठी समालोचक जे काही करतो ते मला नेहमी केविलवाणे वाटते.

या बाबतीत टोक गाठले गेले ते २००९च्या मदर गूसमध्ये, म्हणजे ती ग्रेड वन असतानाच्या काळात. रेचल अलेक्झांड्रा त्या वर्षी केंटकी ओक्स सव्वावीस लेंग्थने जिंकून, मग प्रीकनेसमध्ये नरांना हरवून आली होती. तिच्यासमोर उभ्या राहायला दोनच फिली तयार झाल्या. तीन घोड्यांच्या त्या शर्यतीत ती सव्वाएकोणीस लेंग्थने जिंकली, नऊ फर्लांगांसाठी १ मिनिट ४६.३३ सेकंद असा शर्यतीचा विक्रम झाला, आणि तिच्यावर दोन डॉलर लावणाऱ्याला दोन डॉलर दहा सेंट परत मिळाले. याला स्पर्धा म्हणता येणार नाही. तरीही मी तिला वाईट शर्यत म्हणायला तयार नाही, कारण जॉकी केल्विन बोरेल जवळजवळ स्वस्थ बसलेला असताना ती घोडी ज्या चालीने घड्याळाशी धावली तो देखावा वेगळ्या जातीचा आहे. मात्र तो देखावा एखाद्या गायकाच्या एकल मैफिलीसारखा आहे, आणि तिकिटावर जुगलबंदी असे छापलेले होते.

कमी घोड्यांमुळे शर्यतीच्या आत नेमके काय बदलते हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घोड्यांच्या शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मैलातील गतीवर ठरतो. गेटमध्ये दहा-बारा घोड्या असतील तर त्यांत तीन-चार तरी अशा असतात ज्यांना आघाडी हवीच असते. त्या एकमेकींना पळवतात, दमतात, आणि मागे शांत बसलेल्या घोडीला शेवटी संधी मिळते. २०२१च्या ब्रीडर्स कप डिस्टाफमध्ये, म्हणजे घोड्यांच्या हंगामाअखेरच्या मोठ्या शर्यतीत, हेच घडले: कॅलिफोर्नियातील डेल मारवर अकरा घोड्या होत्या, पुढच्यांनी सुरुवातीलाच अतिवेग पकडला, आणि सरळ पट्ट्यात त्या सगळ्या कोसळल्या तेव्हा जपानहून आलेली मार्श लोरेन, जिच्यावर एकास एकोणपन्नास असा भाव होता, डनबार रोडला नाकाच्या अंतराने हरवून पहिली आली. मॅलथाट तिथे तिसरी होती.

चार-पाच घोड्यांच्या शर्यतीत ही यंत्रणाच अनेकदा बंद पडते. आघाडी हवी असलेली एकच घोडी असेल, तर तिचा जॉकी पहिला पाव मैल सावकाश घेतो, श्वास राखून ठेवतो आणि शेवटी मागच्यांना जे अंतर भरून काढायचे असते ते भरून निघतच नाही. मागून येणारी घोडी कितीही चांगली असली तरी तिला कोणीतरी पुढे दमवून द्यावे लागते. म्हणून लहान फिल्डचा, म्हणजे कमी घोड्यांच्या शर्यतीचा, निकाल पाहताना मी आधी विजयाचे अंतर न पाहता पहिल्या अर्ध्या मैलाची वेळ पाहतो. ती मंद असेल तर पुढून जिंकलेल्या घोडीच्या सात-आठ लेंग्थचे कौतुक निम्मे करून घेतो. ही सवय नवख्या प्रेक्षकानेही लावून घ्यावी. प्रक्षेपणात ही वेळ पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर दिसते आणि जाते, तिच्यावर बोलणारे कमी असतात, हा या सेवेचा एक खरा दोष आहे.

पण दुसऱ्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. लहान फिल्डमध्ये नशिबाचा वाटा घटतो. बाहेरचा कप्पा मिळाला म्हणून वळणावर जास्त धावावे लागले, पुढची घोडी अडखळली म्हणून जॉकीला लगाम ओढावा लागला, कठड्याजवळ कोंडी झाली, या सबबी उरत नाहीत. प्रत्येकीला स्वतःची वाट मोकळी असते आणि कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत सगळ्या मावतात, त्यामुळे घोड्यांच्या चालीचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. मॅलथाट आणि क्लेरिएर यांची २०२२ पर्यंत चाललेली चुरस मी बहुतांशी अशा छोट्या शर्यतींतूनच समजून घेतली. न्यू यॉर्कमध्ये त्या दोघी कधी ही तर कधी ती अशा एकमेकींना मागे टाकत राहिल्या, आणि त्या वर्षीच्या ब्रीडर्स कप डिस्टाफमध्ये मॅलथाट, ब्लू स्ट्राइप आणि क्लेरिएर या तिघी इतक्या लगत संपल्या की पहिली आणि तिसरी यांच्यात दोन नाकांचे अंतर होते.

साराटोगाला ‘फेव्हरिटांची दफनभूमी’ म्हणतात (फेव्हरिट म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसा लागलेला असतो तो घोडा), आणि या उपाधीचा लहान फिल्डशी असलेला संबंध फार कमी वेळा सांगितला जातो. १९३०च्या ट्रॅव्हर्स या तिथल्या शर्यतीत चारच घोडे होते. गॅलंट फॉक्स हा ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यतींचा मुकुट, जिंकलेला घोडा आणि व्हिचवन हे दोघे एकमेकांशी झुंजण्यात गुंतले आणि एकास शंभर भावाचा जिम डँडी चिखलातून पुढे निघून गेला. १९७३च्या व्हिटनी शर्यतीत विख्यात सेक्रेटेरिएटला हरवणाऱ्या ओनियनच्या शर्यतीत पाच घोडे होते. या नरांच्या शर्यती आहेत, हे मान्य. पण २०२१ मधील माराकुजाचा विजय त्याच वंशातला आहे. घोडे कमी असले की बलाढ्य फेव्हरिटला हरवायला एकच चूक पुरते, आणि ती चूक झाकायला आजूबाजूला गर्दी नसते.

बेटिंगच्या दृष्टीने मात्र ही मालिका मी कोणालाही सुचवणार नाही. गणित साधे आहे. पहिल्या दोन घोड्या क्रमाने ओळखायच्या असतील तर चार घोड्यांत १२ जोड्या होतात, आठ घोड्यांत ५६ आणि चौदा घोड्यांत १८२. पहिल्या तिघींचा क्रम ओळखायचा असेल तर चार घोड्यांत २४ शक्यता आणि चौदा घोड्यांत २,१८४. ज्या खेळात लावलेल्या पैशांतून आयोजक आधी आपली कपात काढून घेतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, तिथे शक्यता इतक्या कमी झाल्या की अभ्यास करणाऱ्याला इतरांपेक्षा वेगळे काही हेरायला जागाच राहत नाही. सगळ्यांना तेच दिसते, सगळे तेच लावतात, आणि कपात मात्र तेवढीच राहते. फिल्ड फार लहान असेल तर ‘शो’चे (पहिल्या तिघींत येण्यावरचे), कधीकधी ‘प्लेस’चेही (पहिल्या दोघींत येण्यावरचे) बेटिंग बंद ठेवले जाते. फेव्हरिटवर इतका पैसा येतो की कायद्याने ठरलेली किमान परतफेड देण्यासाठी आयोजकालाच पदरचे घालावे लागते, अशीही वेळ येते. त्यामुळे फिल्ड लहान असणे आयोजकालाही परवडत नाही, आणि ‘त्यांना काय, त्यांचे पैसे सुटतात’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तरीही घोड्या येत नाहीत, आणि कारणांचा विचार करताना मला सर्वांत आश्चर्य वाटते ते पैशाचे. न्यू यॉर्कच्या वाटणीनुसार पहिल्या क्रमांकाला बक्षिसाच्या ५५ टक्के, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १२ आणि चौथ्याला ६ टक्के मिळतात. म्हणजे पाच लाखांच्या चार घोड्यांच्या शर्यतीत शेवटची आलेली घोडीही ३० हजार डॉलर घेऊन घरी जाते. तिसरी आली तर ६० हजार डॉलर मिळतातच, शिवाय लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तिचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते आणि ‘ग्रेड वनमध्ये तिसरी’ ही ओळ तिच्या, तिच्या मुलींच्या आणि नातींच्या पानावर कायम राहते. फिलीची खरी किंमत धावणे संपल्यावर, ती प्रजननाला गेल्यावर ठरते, आणि त्या बाजारात ही एक ओळ मोठी असते. चारजणींच्या शर्यतीत पहिल्या तीनांत येण्यासाठी फक्त एका घोडीला मागे टाकायचे असते. मालकाच्या जागी मी असतो तर एवढ्या स्वस्तात मिळणारी ही ओळ सोडली नसती, असे प्रथमदर्शनी वाटते.

पण मालकाच्या जागी बसून नीट विचार केला की चित्र बदलते. मुळात घोडेच कमी आहेत. उत्तर अमेरिकेत १९८६ साली ५१ हजारांहून अधिक थरोब्रेड शिंगरांची नोंदणी झाली होती. आता वर्षाला वीस हजारांचाही टप्पा गाठला जात नाही. त्यांतील निम्म्या माद्या, त्यांतील थोड्याच धावण्याच्या योग्यतेच्या, आणि त्यांतील बोटांवर मोजण्याइतक्या ग्रेड वनच्या लायकीच्या. दुसरे म्हणजे प्रत्येक घोडे पूर्वीपेक्षा कमी धावते: १९६०च्या सुमारास अमेरिकेतील घोडे वर्षाला सरासरी अकरा वेळा धावे, आता सहाच्या आसपास. ट्रेनर दोन शर्यतींत पाच-सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात. मे महिन्यात केंटकी ओक्स धावलेल्या घोडीने जूनमध्ये एकॉर्न, जुलैत कोचिंग क्लब आणि ऑगस्टमध्ये अलाबामा धावावे, ही अपेक्षा रफियनच्या काळातील आहे. आजचा ट्रेनर यांतील दोन निवडतो आणि तिसरी सोडतो.

सोडलेल्या त्या जागी बाकीच्यांनी यावे, तर त्यांना दुसरीकडे बोलावणी आहेत. डेलावेअर ओक्स आणि इंडियाना ओक्स याच उन्हाळ्यात होतात, दर्जाने खालच्या आहेत आणि जिंकायला सोप्या आहेत. ‘ग्रेड थ्रीची विजेती’ ही ओळ ‘ग्रेड वनमध्ये चौथी’ या ओळीपेक्षा बाजारात कितीतरी जड भरते. सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील पार्क्स रेसकोर्सवर दहा लाख डॉलरची कोटिलियन ही शर्यत आहे, तिच्यासाठी घोडी ताजी ठेवायची असते. वेग असलेल्या, पण दम कमी असलेल्या फिलींना सात फर्लांगांची टेस्ट नावाची शर्यत साराटोगावरच उपलब्ध आहे. ज्यांचे पाय हिरवळीवर चांगले पडतात त्यांच्यासाठी बेलमॉन्ट ओक्स आणि डेल मार ओक्स यांसारख्या वेगळ्या ग्रेड वन आहेत. आणि केंटकीत तर साध्या, दर्जा नसलेल्या शर्यतीही लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत, मग नेस्टसारखीच्या समोर घोडी उभी करून तिचा कस काढून घ्यायचा कशाला, असे मालकाने विचारले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

या सगळ्यावर आणखी एक थर आहे, ज्याविषयी उघडपणे कमी बोलले जाते. उत्तम फिली थोड्या मोठ्या तबेल्यांत एकवटल्या आहेत. एकाच ट्रेनरकडे एका वयाच्या पाच चांगल्या फिली असतील, तर तो त्यांना एकमेकींविरुद्ध उतरवत नाही. एक साराटोगाला, एक डेलावेअरला, एक हिरवळीवर, असे त्यांचे वाटप होते. पूर्वी याच पाच घोड्या पाच तबेल्यांत असत्या तर त्यांतील तीन तरी एकाच गेटमध्ये उभ्या राहिल्या असत्या. वेळापत्रकाच्या खालोखाल मी याच कारणाला वजन देतो. बक्षीस वाढवून ते दूर होणार नाही, कारण ट्रेनरला त्याच पैशांतून प्रत्येक मालकाला वेगळा विजय द्यायचा असतो.

फिल्ड भरते कशी हे पाहायचे असेल तर केंटकी ओक्सकडे पाहावे. १८७५ पासून चाललेल्या या शर्यतीत जास्तीत जास्त चौदा घोड्या धावू शकतात आणि बहुतेक वर्षी तेवढ्या किंवा त्याच्या जवळपास धावतातही. बक्षीस आता १५ लाख डॉलर आहे, हे एक कारण झाले. पण २०१३ पासून तिथे गुणांची पद्धत आहे, आदल्या वर्षीच्या शरद ऋतूपासूनच्या ठरावीक शर्यतींत गुण मिळवून जागा कमवावी लागते, आणि जी जागा कमवावी लागते ती सोडवत नाही. जपानची ओक्स, म्हणजे टोकियोच्या मैदानावरील २,४०० मीटरची युशुन हिंबा, अठरा घोड्यांनी भरलेल्या गेटमधून सुटते. तिथेही वर्षातील फिलींच्या मोठ्या शर्यती मोजक्याच आणि एका रांगेत लावलेल्या आहेत; एकाच महिन्यात चार ठिकाणांहून आमंत्रण येत नाही.

गर्दी म्हणजेच चुरस असा समज मात्र इंग्लंडच्या एप्सम ओक्सने एकदा चांगलाच मोडला. २०२१ मध्ये तिथे चौदा फिली धावल्या आणि स्नोफॉल सोळा लेंग्थने जिंकली. त्याउलट इंग्लंडमधीलच २०१९च्या यॉर्कशायर ओक्समध्ये चारच घोड्या होत्या, पण त्यांत एनेबल आणि मॅजिकल होत्या, आणि त्या दोघी सरळ पट्ट्यात ज्या तऱ्हेने इतरांपासून सुटल्या ते पाहिल्यावर गेटमधल्या कप्प्यांची संख्या आठवत नाही. स्नोफॉलच्या मागे तेरा होत्या म्हणून त्या दिवशीच्या प्रेक्षकाला जास्त काही मिळाले, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

म्हणून माझी तक्रार संख्येवर नाही, दर्जाच्या शिक्क्यावर आहे. अमेरिकेत १९७३ पासून शर्यतींना ग्रेड देण्याची व्यवस्था आहे आणि एक समिती दर वर्षी त्याचा फेरविचार करते. फेरविचारात मागील काही वर्षांत धावलेल्या घोड्यांचा कस पाहिला जातो. त्या मोजपट्टीवर २०२१ आणि २०२२च्या कोचिंग क्लब ओक्स सहज टिकतात, कारण धावलेल्या थोड्या घोड्यांत दोन-तीन खरोखरीच अव्वल होत्या. पण ज्या वर्षी चारांत एकच अव्वल असते आणि बाकीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या ओळीसाठी आलेल्या असतात, त्या वर्षी तिसरी आलेल्या घोडीच्या पानावर जी ठळक अक्षरे छापली जातात त्यांचा अर्थ काय, हे पुढे तिची मुलगी विकत घेणाऱ्याने स्वतःच शोधावे लागते. प्रेक्षकाला त्याच दिवशी कळते की ही लढत नव्हती. खरेदीदाराला ते वीस वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी कॅटलॉगमध्ये, कळतही नाही. किमान घोड्यांची अट घालावी, सहापेक्षा कमी धावल्या तर त्या वर्षापुरता ग्रेड काढून घ्यावा, असा उपाय सुचवणारे आहेत. मला तो पटत नाही, कारण त्या नियमाखाली माराकुजाची शर्यत आधी बाद झाली असती. त्यापेक्षा निकालासोबत धावलेल्या घोड्यांची संख्या त्याच ठळक ओळीत छापावी. शाई फारशी लागणार नाही.

आयोजकांकडून अपेक्षा वेगळी आहे. कोचिंग क्लब आणि अलाबामा या दोन शर्यती चार-पाच आठवड्यांच्या आत, एकाच मैदानावर, एकाच वयाच्या फिलींसाठी ठेवल्या जातात, आणि २०२४ मध्ये बेलमॉन्टचे काम चालू असल्याने एकॉर्नही साराटोगावरच झाली. त्या वर्षी थॉर्पीडो ॲनाने केंटकी ओक्स, एकॉर्न आणि कोचिंग क्लब ओळीने जिंकल्या, आणि मग अलाबामाकडे न जाता ती ट्रॅव्हर्समध्ये नरांविरुद्ध उतरली व फिअर्सनेसच्या मागे डोक्याच्या अंतराने दुसरी आली. ४० हजार डॉलरला घेतलेल्या या फिलीला वर्षाअखेरीस हॉर्स ऑफ द इयर हा मान मिळाला. तिच्या वर्षातील माझी सर्वांत आवडती शर्यत ती हरलेली ट्रॅव्हर्स आहे, आणि ती फिलींच्या मालिकेच्या बाहेरची आहे, यातच मालिकेच्या आखणीवरचा शेरा आला. एकॉर्न आणि कोचिंग क्लब यांपैकी एक शर्यत हलवून सप्टेंबरच्या जवळ नेली किंवा दोन्हींचे एकत्रीकरण केले, तर फिल्ड भरेल असे माझे मत आहे. पण शंभर वर्षांच्या नावावर हात टाकायला कोणी धजावेल असे दिसत नाही.

गुण द्यायचेच तर खेळाचा देखावा म्हणून या मालिकेला मी पाचपैकी साडेतीन देईन, दोन अव्वल घोड्या समोरासमोर असलेल्या वर्षी साडेचार; बेटिंगसाठी एक, तोही उदार होऊन; आणि प्रक्षेपणाला तीन, ज्यातील एक गुण सुरुवातीच्या वेळा न समजावल्याबद्दल कापला आहे. प्रवेशिका जाहीर झाल्या की संख्या मोजण्याआधी एवढे पाहावे: आघाडी घेणाऱ्या घोड्या किती, आणि फेव्हरिटला पूर्वी कोणी शेवटपर्यंत झुंजवले आहे का. दोन्हींचे उत्तर ‘एकही नाही’ असे असेल तर ती दुपार दुसऱ्या कामाला द्यावी. नवख्या प्रेक्षकाने सुरुवात २०२१च्या चित्रफितीने करावी, आणि शेवटच्या फर्लांगात सगळ्यांची नजर मॅलथाटवर असताना आपण माराकुजाचा जॉकी काय करतो आहे ते पाहावे.